मनातल्या बैठकीत सगळ्यांना बोलू द्या



भात लावताना पायात काटा मोडला तर आपण काय करतो? संध्याकाळी सुई घेऊन बसतो आणि काटा काढतो. न काढता तसाच ठेवला तर वरून कातडी धरते, पण आत कुरूप होतं. मग चालताना खडा नेमका तिथंच टोचतो आणि साध्या खड्यानंसुद्धा कळ मस्तकात जाते.

मनाचंही असंच असतं. शाळा अर्ध्यात सुटली, न कळत्या वयात लग्न झालं, पोटातलं मूल गेलं, सासरी चारचौघांत अपमान झाला. त्यावेळी कुणी जवळ घेऊन विचारलं नाही. "बाईच्या जातीनं सोसायचंच असतंय" एवढं ऐकलं आणि आपण कामाला लागलो. काटा आतच राहिला.

मग पंधरा-वीस वर्षांनी गटाच्या बैठकीत सचिव ताई म्हणते, "तुझा हप्ता राहिलाय गं." बोलणं साधंच असतं. पण एखादीच्या डोळ्यांत टचकन पाणी येतं, किंवा ती इतकी भडकते की पुढच्या तीन बैठकांना फिरकत नाही. बाकीच्या म्हणतात, "एवढं काय झालं बोलायला?" झालेलं आजचं नसतं. आजचा खडा जुन्या कुरपाला लागलेला असतो.

हा जुना काटा कसा ओळखायचा, त्याच्याशी कसं बोलायचं आणि आपली भक्ती, आपली साधना त्यात कशी उपयोगी पडते, याबद्दल हा लेख आहे.

एक मन असं म्हणतंय, दुसरं मन तसं

आपण रोज बोलतो, "एक मन म्हणतंय माहेरी जाऊन यावं, दुसरं मन म्हणतंय नको, वहिनीला आवडायचं न्हाई." म्हणजे आपल्या आत एकच बाई नसते, घरभर माणसं असतात, हे आपल्या भाषेला आधीपासून ठाऊक आहे.

अमेरिकेत रिचर्ड श्वार्ट्झ नावाचे तज्ज्ञ कुटुंबांना समुपदेशन करायचे. १९८० च्या दशकात त्यांच्याकडे येणारी माणसं पुन्हा पुन्हा सांगू लागली, "माझा एक भाग असं म्हणतो, दुसरा भाग तसं." श्वार्ट्झ यांनी ते मनावर घेतलं. घरातली माणसं जशी एकमेकांशी भांडतात, एकमेकांना सांभाळतात, कुणाला गप्प बसवतात, तसंच मनातले हे भाग करतात, असं त्यांना दिसलं. त्यातून त्यांनी उपचाराची एक पद्धत उभी केली. आपण तिला 'आतल्या कुटुंबाची पद्धत' म्हणू. आज अनेक देशांत समुपदेशक ती वापरतात आणि तिच्यावर संशोधनही चालू आहे. त्यांनी भागांचे तीन प्रकार सांगितले. आपल्या भाषेत ते असे:

कोंडलेली लहानगी. जिला काटा लागला ती. ती त्याच वयात अडकलेली असते. तिचं दुःख सोसवत नाही म्हणून आपण तिला आतल्या खोलीत कोंडून कडी लावतो.

कारभारीण. पुन्हा तसं दुःख वाट्याला येऊ नये म्हणून ही सतत पहारा देते. "पुढं पुढं करू नको", "कुणाला दुखवू नको", "काम चोख कर, म्हणजे कोण बोलणार न्हाई." आपल्याला आतून टोमणे मारते तीही बहुतेक वेळा हीच.

आग विझवणारी. एवढं करूनही लहानगी रडायला लागली की ही धावत येते. आग लागल्यावर माणूस पाणी स्वच्छ आहे का बघत नाही, तसं हिचं असतं. मिश्री लावणं, मोबाइलमध्ये तासन् तास डोकं घालणं, पोरांवर हात उगारणं, पांघरूण घेऊन पडून राहणं. कधी कधी "आता जगायलाच नको" हा विचारसुद्धा हीच पुढं करते, कारण तिला कळ थांबवायची एवढंच माहीत असतं.

यातली कुठलीही वाईट नाही, हे या पद्धतीचं मुख्य सांगणं आहे. प्रत्येकजण आपल्याला वाचवायलाच उभी आहे. फक्त तिची रीत जुनी झालीय.

आणि या सगळ्यांच्या मागं एक शांत जागा असते. ती भीत नाही, कुणाला हाकलत नाही, सगळ्यांकडं मायेनं बघते. श्वार्ट्झ तिला 'स्व' म्हणतात. आपल्याकडं कीर्तनात, प्रवचनात 'साक्षी', 'आत्माराम' हे शब्द आपण ऐकतो. विचारांची वाट वेगळी असली तरी बोट याच जागेकडं आहे.

एक उदाहरण घेऊ

समजा, चाळीस वर्षांची एक ताई आहे. सातवीनंतर तिची शाळा सुटली. गटानं तिला अध्यक्ष केलं आणि बँकेत कर्जाच्या कागदांवर सही करायला जायचं ठरलं. त्या दिवशी सकाळी तिचं डोकं दुखायला लागलं. "मला जमायचं न्हाई, दुसरीला पाठवा," म्हणाली. घरी आल्यावर पोरीवर विनाकारण ओरडली आणि रात्री स्वतःलाच शिव्या देत पडली.

आत काय चाललंय बघा. लहानगी आहे तेरा वर्षांची. वर्गात चुकलं म्हणून सगळे हसले होते आणि पुढच्या वर्षी दप्तर कायमचं खुंटीला लागलं होतं. कारभारीण म्हणते, "बँकेत जाऊ नको, पुन्हा हसतील." डोकं दुखवून ती तिला घरात ठेवते. आग विझवणारी पोरीवर ओरडते. मग कारभारीण परत येते, "तू कशाच्याच लायकीची न्हाईस."

अशा वेळी आपण त्या ताईला "धीर धर, घाबरू नको" म्हणतो. तिच्या घाबरण्यालाच गप्प करतो. पण घाबरणाऱ्या भागाला कुणीतरी विचारायला हवं, "तुला कशाची भीती वाटते गं?" तिला उत्तर माहीत असतं. आजवर कुणी विचारलेलं नसतं.

कोल्हापुरात घडलेली जुनी गोष्ट

हे सगळं परदेशातून आलंय असं वाटेल. पण सतराव्या शतकात आपल्याच कोल्हापुरात एका मुलीनं मनाची जखम सोसली आणि पुढं ती स्वतःच्या शब्दांत सांगून ठेवली. संत बहिणाबाई. खानदेशातल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी वेगळ्या. या तुकोबांच्या शिष्या, शिऊरच्या बहिणाबाई. जन्म १६२८, देह ठेवला १७०० मध्ये.

अगदी लहानपणी त्यांचं लग्न वयानं कितीतरी मोठ्या माणसाशी झालं. कर्ज आणि भाऊबंदकीच्या तंट्यामुळं सगळ्या कुटुंबाला घर सोडावं लागलं. पंढरपूर, रहिमतपूर असं करत ते कोल्हापुरात येऊन राहिले. तेव्हा बहिणाबाई अकराएक वर्षांच्या होत्या. तिथं दान मिळालेल्या गाईचं वासरू त्यांच्या इतकं अंगावळणी पडलं की जयरामस्वामींच्या कीर्तनालाही ते त्यांच्याबरोबर जाई. लोकांत चर्चा झाली, ती नवऱ्याच्या कानावर गेली आणि त्यानं त्यांना बेदम मारलं, बांधून घातलं. काही दिवसांनी वासरू मेलं. त्या धक्क्यानं बहिणाबाई बेशुद्ध पडल्या. त्याच काळात स्वप्नात तुकोबांनी उपदेश केला, असं त्यांनी सांगितलंय. ब्राह्मण घरातल्या बाईनं शूद्र मानल्या गेलेल्या तुकोबांना गुरू मानलं, म्हणून नवरा आणखी चिडला. पुढं तो आजारी पडला, त्याचं मन पालटलं आणि सगळे देहूला गेले.

बहिणाबाईंनी हे अभंगांतून लिहून ठेवलं. बाईनं स्वतःच्या आयुष्याची अशी हकिकत सांगणं त्या काळात किती दुर्मिळ होतं! त्या अभंगांत एकच सूर नाही. एका ठिकाणी पतिव्रतेचा धर्म सांगणारी बाई बोलते. दुसऱ्या ठिकाणी बाईचा जन्म मिळाला म्हणून वेदांचं दार बंद झालं, ही तक्रार करणारी बोलते. कुठं वासरासाठी तळमळणारी पोर दिसते, कुठं विठ्ठलात शांत झालेली साधक. एकीनं दुसरीला गप्प केलेलं नाही. सगळ्यांना त्यांच्या अभंगांत जागा मिळालीय आणि ती जागा त्यांना भक्तीनं दिली, असं वाचताना वाटतं.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवूया. नवरा पुढं बदलला म्हणून मार सोसत राहावा, असा या गोष्टीचा अर्थ नाही. सतराव्या शतकातल्या मुलीला दाद मागायला जागा नव्हती. आपल्याला आहे. त्याबद्दल पुढं लिहिलंय.

मनातली बैठक कशी घ्यायची

गटाची बैठक आपल्या सवयीची आहे. गोल बसतो, एकेकीला बोलू देतो, अध्यक्ष सगळ्यांचं ऐकून घेते, कुणाला उठवून लावत नाही. तीच रीत आत वापरायची. आठवड्यातून दोनदा, दहा-पंधरा मिनिटं पुरे.

१. जागा आणि वेळ ठरवा. पहाटे चूल पेटवायच्या आधी किंवा सांजवात झाल्यावर. पाठ टेकवून बसा. सावकाश दहा श्वास घ्या आणि सोडा. नाम घेत असाल तर प्रत्येक श्वासाला नाम घ्या.

२. अंगात कुठं जाणवतंय ते बघा. आज जी गोष्ट टोचली ती आठवा. घसा दाटलाय का? छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय? पोटात गोळा आलाय? मनातला भाग बऱ्याचदा अंगातूनच हाक मारतो.

३. तिला नाव द्या. 'रागीट', 'भित्री', 'टोमणेवाली', काहीही. "मी रागीट आहे" म्हणण्याऐवजी "माझ्यातली एक रागीट आज बोलतेय" म्हणा. एवढ्या फरकानंसुद्धा मोकळं वाटतं, कारण आता तुम्ही राग नसता, रागाकडं बघणारी असता.

४. तिच्याबद्दल काय वाटतं ते तपासा. माया वाटली तर पुढं जा. "हिचा वीट आलाय" असं वाटलं, तर तो आणखी एका भागाचा आवाज आहे. तिला म्हणा, "तुझंही ऐकणार आहे, जरा बाजूला बस."

५. विचारा आणि थांबा. "तू हे काम कधीपासून करतेस? थांबलीस तर काय होईल असं वाटतं?" उत्तर शब्दांत येईल, एखाद्या जुन्या आठवणीत येईल, कधी येणारही नाही. घाई करू नका. आलं तर म्हणा, "तू मला एवढी वर्षं सांभाळलंस, मला ठाऊक नव्हतं."

६. लहानगीला भेटायचं तर कारभारणीला विचारून. ती नको म्हणाली तर नको. हो म्हणाली तर त्या पोरीजवळ मनानं जाऊन बसा. तेव्हा कुणीतरी जे म्हणायला हवं होतं ते म्हणा, "तुझी चूक न्हवती. मी आता मोठी झालेय. तू माझ्याजवळ हाईस."

७. ओझं खाली ठेवा. तिच्या मनात बसलेलं "मी मठ्ठ आहे", "माझ्यामुळंच झालं" हे ओझं टाकायची तिची तयारी असेल तर ते समईच्या ज्योतीत, वेदगंगेच्या पाण्यात किंवा देवाच्या पायाशी ठेवलं, अशी कल्पना करा. हे एकाच बैठकीत होत नाही. काहींना महिने लागतात.

८. बैठक नीट बंद करा. सगळ्यांचे आभार माना. पाय जमिनीवर दाबा, डोळे उघडा, पाणी प्या. वाटलं तर वहीत दोन ओळी लिहा. आपल्या पंचसूत्रीत नोंदी आहेतच.

एक सांगून ठेवते. लहानपणी किंवा पुढं अंगावर अत्याचार झाला असेल, डोळ्यांसमोर कुणाचा जीव गेला असेल, तर सहावी आणि सातवी पायरी एकटीनं करू नका. ती समुपदेशकाबरोबरच करा. पहिल्या पाच पायऱ्या करतानाही घुसमट वाढली तर तिथंच थांबा, डोळे उघडा, कुणाशी तरी बोला.

यात साधनेचं काय काम?

बैठकीला अध्यक्ष खंबीर लागते. अध्यक्षच घाबरली तर बैठकीचा गोंधळ होतो. साधना त्या शांत जागेला बळ देते. हरिपाठ असो, जप असो, नमाज असो, बुद्धवंदना असो किंवा श्वासाकडं बघत गप्प बसणं असो, रोज थोडा वेळ तिथं बसलं की वादळातही ती जागा सापडते.

आपल्या तालुक्याला तर मौनाची परंपरा आहे. पाटगावला मौनी महाराजांचा मठ आहे आणि त्यांच्याच नावानं गारगोटीत मौनी विद्यापीठ उभं आहे. पण मौन दोन तऱ्हेचं असतं. तोंड दाबून गप्प बसवलेली बाईही गप्प असते आणि ऐकून घेण्यासाठी थांबलेली बाईही गप्प असते. साधनेतलं मौन दुसरं.

म्हणून साधनेचा उपयोग दुःख दाबायला करू नका. "देवाचं नाव घेतेस आणि रडतेस कशाला?" असं आपण एकमेकींना म्हणतो. त्यानं लहानगीच्या दाराला आणखी एक कडी लागते. दुःख झालं म्हणून स्वतःला उपासानं शिक्षा करणं, "मागच्या जन्मीचं पाप" म्हणून सगळं अंगावर घेणं, याला साधना म्हणता येत नाही. कारभारणीनंच तिथं भक्तीचं लुगडं नेसलेलं असतं. देवापुढं रडता येतं, रागावता येतं, भांडताही येतं. आपल्या संतांनी विठ्ठलाशी मनसोक्त भांडण केलंय.

आपल्या आज्या-पणज्यांनी हे जात्यावर केलं. घरात जे बोलता यायचं नाही ते पहाटे ओवीत यायचं. कधी जात्याला देव मानून त्याला सांगायचं, कधी विठ्ठलाला भाऊ करून. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सोबत्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एवढ्या बायकांना एवढं सांगायचं होतं! आता घराघरात गिरणीचं पीठ येतं. हात मोकळे झाले ते चांगलंच झालं, पण ती बोलायची जागाही गेली. ती आपल्याला गटात तयार करता येईल.

गटात ऐकून घेण्याचे चार नियम

एखादी मैत्रीण मन मोकळं करायला लागली तर:

- इथलं बोलणं इथंच राहील. सासूच्या कानावर, नळावर, कुठंही जाणार नाही.
- मधे बोलायचं नाही. "माझं तर याहून वाईट झालं" असं सुरू करायचं नाही.
- मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही.
- रडू आलं तर रडू द्यायचं. पाण्याचा तांब्या पुढं ठेवायचा, एवढं बस.

हे कशावरचं औषध नाही

घरात मारहाण, छळ चालू असेल तर आधी तो थांबला पाहिजे. रोज नवा काटा रुतत असताना जुना काढून भागत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात आणि संरक्षण, राहण्याची जागा व खर्च मागता येतो. महिला मदतवाहिनी १८१, तातडीच्या वेळी ११२.

झोप उडालीय, जेवण जात नाही, कानात आवाज येतात, बाळंतपणानंतर मन बसलंय, असं दोन आठवड्यांच्या वर चाललं तर डॉक्टरांना दाखवा. आशाताईला सांगा, गारगोटीच्या ग्रामीण रुग्णालयात विचारा किंवा कोल्हापूरला सीपीआरमध्ये मानसोपचार विभागात जा. टेलिमानस १४४१६ हा सरकारी फोन दिवसरात्र, मोफत, मराठीत बोलतो. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका. मनातली बैठक गोळ्यांच्या सोबत चालते, त्यांच्या जागी नाही.

जीव द्यावासा वाटत असेल तर त्याच क्षणी कुणाला तरी सांगा आणि १४४१६ लावा. कुणी तसा प्रयत्न केला असेल तर लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा माणसाला शिक्षेपेक्षा उपचार आणि आधार देण्यावर भर दिलाय.

आणखी एक. मनातले हे भाग म्हणजे भूतबाधा नव्हे, करणी नव्हे. ती आपलीच माणसं आहेत. त्यांना झाडून काढायचं नसतं. "बाधा उतरवतो" म्हणून कुणी मारहाण केली, चटके दिले किंवा औषध घेण्यापासून अडवलं, तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे.

पुढच्या बैठकीत एवढं करा

बचत आणि हप्त्यांच्या नोंदी झाल्या की पाच मिनिटं सगळ्यांनी डोळे मिटून शांत बसायचं. मग ज्यांना बोलायचंय त्यांनी एकच वाक्य पुरं करायचं: "आज माझ्यातली एक म्हणतेय की..." बाकीच्यांनी फक्त ऐकायचं. कुणाला बोलायचं नसेल तर तेही चालेल. आणि जी मैत्रीण तीन बैठकांपासून आलेली नाही, तिच्या घरी दोघींनी जाऊन या. हप्त्याचं नंतर बघू. आधी तिला विचारा, "कशी हाईस गं?"